चाळीस लाखांची पेशी

खारघर रायगड जिल्ह्यात येतं. हे आधी सांगून टाकतो, कारण आपल्यातल्या निम्म्या पोरांना ते मुंबईचं शेपूट वाटतं. लोकल जाते, मॉल आहे, गोल्फ खेळायचं हिरवं मैदान आहे, म्हणजे मुंबईच की! पण कागदावर तालुका पनवेल, जिल्हा रायगड. ज्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं तो जिल्हा. ज्याच्या एका टोकाला उरणची मिठागरं आहेत, दुसऱ्या टोकाला श्रीवर्धनची खाडी आहे, आणि आत, सावित्रीच्या काठावर, महाड आहे.

ह्या खारघरात टाटाचं कॅन्सर संशोधन केंद्र आहे. अ‍ॅक्ट्रेक म्हणतात. टाटा नुसतं नावाला हं. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली उघडलं, पण १९६२ पासून तो सगळा कारभार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याखाली आहे. म्हणजे आपल्या पैशावर. काडेपेटी घेताना, साबण घेताना जो कर तू भरतोस, त्याच्यावर. परळची जुनी संशोधन संस्था २००२ मध्ये खारघरला आली. आजूबाजूचा सगळा मुलूख सिडकोने नव्या मुंबईसाठी शेतकऱ्यांकडून घेतलेला. त्या जमिनीच्या भावासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईला गोळीबार झाला, पाच माणसं मेली. त्या लढ्यातून साडेबारा टक्के जमीन परत मिळायचं सूत्र निघालं. चांगलं झालं. पण साडेबारा टक्के कोणाला? ज्याच्या नावावर सातबारा त्याला. ज्याच्या आज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या खाजणात बांध घातले, त्याला साडेबारा टक्के कशाचे मिळणार? घामाचा उतारा तलाठी देत नाही.

असो. मला जमिनीवर लिहायचं नाही. पेशीवर लिहायचंय.

४ जून २०२१. अ‍ॅक्ट्रेकच्या बोनमॅरो विभागात भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती एका रुग्णाला दिली गेली. कार म्हणजे गाडी नव्हे. माणसाच्या रक्तात टी-पेशी असतात. शरीराच्या ह्या पहारेकरी. त्या रुग्णाच्याच रक्तातून काढायच्या, प्रयोगशाळेत एका निकामी केलेल्या विषाणूच्या हातून त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं, की मग त्या पेशीला नवा डोळा फुटतो. त्या डोळ्याने ती रक्ताच्या कॅन्सरची पेशी ओळखते. अशा लाखो पेशी वाढवायच्या आणि परत त्याच माणसाच्या शिरेत सोडायच्या. कारखान्यातून आलेली गोळी नाही ही. तुझीच पेशी, तुझ्यासाठीच शिकवलेली, दुसऱ्या कोणाला चालणार नाही अशी.

हे तंत्र पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटाच्या डॉक्टरांबरोबर उभं केलं. त्या पहिल्या माणसांवरच्या चाचणीला केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी खात्याने १९ कोटी १५ लाख रुपये दिले. मग आयआयटीतूनच एक कंपनी निघाली, इम्युनो-अ‍ॅक्ट. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला सोहळा झाला. २०२५ मध्ये 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी'त निष्कर्ष छापून आले: ज्यांच्यावर बाकीचे उपचार हरले होते अशा रुग्णांपैकी शंभरात साधारण ७३ जणांचा आजार मागे हटला. किती काळ हटला हा वेगळा प्रश्न, पण हटला. मी इथं कोणाची टवाळी करत नाही. हे मोठं काम आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यात झालं ह्याचा मला अभिमान वाटतो. सरळ सांगतो.

किंमत सुमारे चाळीस लाख.

वर्तमानपत्रांनी लिहिलं, बघा किती स्वस्त! अमेरिकेत तीन-चार कोटी लागतात, आपल्याकडे दशांश. बरोबर आहे. अमेरिकेतल्या कोट्यधीशाच्या खिशाशी तुलना केली की चाळीस लाख स्वस्तच. पण आपली तुलना कोणाशी करायची? महात्मा फुल्यांच्या नावाची जन आरोग्य योजना घे. ती २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख, २०२४ च्या जुलैपासून ५ लाख. आता भाग दे. चाळीसला पाचने. आठ वर्षं. आठ वर्षं सबंध कुटुंबात कोणी आजारी पडायचं नाही, शिल्लक साठवायची — जी साठत नसते — आणि रक्ताच्या कॅन्सरला सांगायचं, बाबा रे, तेवढं थांब.

आता महाडकडे चल. भाषण करायला नको, हिशेब करायला. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला आणि तो पास झाला. आपण तो पाणवठ्यांचा ठराव म्हणून लक्षात ठेवतो. पण तो नीट वाच. सरकारी पैशाने बांधलेले, सरकारी पैशाने चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या, आणि त्याचबरोबर सरकारी शाळा, कचेऱ्या, कोर्टं आणि दवाखाने. दवाखाने! ठरावात दवाखाना होता. मुद्दा जातीच्या दयेचा नव्हता, पैशाचा होता: खर्च सार्वजनिक, तर वापर सार्वजनिक. १९२४ साली महाड नगरपालिकेने तसा ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं एक ओंजळ कोणी प्यायला नाही, प्यायची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत गेली, तेव्हा ते कागदावरचं पाणी ओठाला लागलं. त्यावर्षीच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

१९२३ चा ऑगस्ट, २०२३ चा ऑक्टोबर. बरोबर शंभर वर्षं. आता परवानगी आहे, कोणाला बंदी नाही, फलकावर जात लिहिलेली नाही. तळं खुलं आहे. फक्त काठावर चाळीस लाखांची पायरी आहे.

मला माहीत आहे, आपल्यातला एक दोस्त इथं थांबवणार. तो प्रत्येक वेळी थांबवतो. म्हणतो, "अरे, म्हसळ्याच्या वाडीत रात्री बाळंतीण अडली तर जीप मिळत नाही, आणि तू पेशीला डोळे लावायच्या गोष्टी सांगतो? हे सगळं मलबार हिलचं दुखणं आहे. आपली पोरं डेंग्यूने मरतात." त्याच्या बोलण्यात खोट नाही. पण त्याच्या बोलण्याचा शेवट कुठं होतो बघ. शेवट असा होतो, की साधं ते आपलं आणि पुढचं ते त्यांचं. आपल्याला गोधडी, त्यांना वीज. हा हिशेब आपण स्वतः होऊन का करायचा? तो करायला दुसरे आहेत की! शाळेत आपल्याला तेच सांगितलं होतं: तुम्ही आधी चौथी तर पास व्हा.

आणि दुसरं, कॅन्सर मलबार हिलचा नाही. गालाचा कॅन्सर तर मुळीच नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांत सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास येतो. मशेरी. चुलीच्या शेजारी बसून बायका दात घासतात, पहिली चूळ टाकेपर्यंत डोकं हलकं होतं, भूक मरते. माझी मावशी मिठागरात कामाला होती. पहाटे मशेरी, दुपारी मशेरी, संध्याकाळी मशेरी. कोरड्या भाकरीपेक्षा ती स्वस्त पडायची. गालात आत पांढरा चट्टा आला तेव्हा म्हणाली, "तोंड आलाय, दुसरां काय नाय." एका दवाखान्यात तिला सहा महिने तोंडाला लावायचं जेल दिलं. कोणी बॅटरी घेऊन गालाच्या आत नीट बघितलं नाही. बघितलं तेव्हा गाठ जबड्याच्या हाडात गेली होती. अर्धा जबडा काढला, तरी मानेत परत आली. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहून सांगावं तर लिहायला कोणी शिकवलं नव्हतं. बोटांनी सांगायची.

तिच्यासारख्यांच्या गाठीची एक पोथी मात्र लिहून झालेली आहे. हे फार थोड्यांना माहीत आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' ह्या मासिकात एक शोधनिबंध आला. कॅन्सरची जनुकं वाचायच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतला भारताचा वाटा. काम केलं खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकने आणि बंगालमधल्या कल्याणीच्या जनुकशास्त्र संस्थेने. कॅन्सर निवडला तो हिरडी आणि गालाच्या सांध्याचा. तंबाखू दाबून ठेवतो ना आपण, तीच जागा. आधी ५० रुग्णांच्या गाठीतल्या जनुकांची अक्षरं वाचली, मग आणखी ६० जणांत ती तपासली. गाठीतली अक्षरं आणि त्याच माणसाच्या निरोगी रक्तातली अक्षरं शेजारी ठेवायची. जे गाठीत आहे आणि रक्तात नाही ते गाठीचं स्वतःचं पाप. टीपी-५३, कॅस्पेस-८, नॉच-१, एचरास ही नावं जगभरच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये सापडतात, ती इथंही सापडली. पण यूएसपी-९एक्स, एआरआयडी-२ अशी काही नावं नव्याने हाती लागली. कॅस्पेस-८ चं उदाहरण घे. पेशी बिघडली की तिने मरावं, ह्यासाठी शरीरात जी व्यवस्था आहे तिच्यातला हा एक खिळा. तंबाखूने तोच उपटला. मग बिघडलेली पेशी मरायला तयार नाही.

म्हणजे मशेरीवाल्या, गुटख्यावाल्या माणसांच्या गालात काय लिहिलंय ते रायगड जिल्ह्यात वाचलं गेलं. आता त्या वाचण्याचा उपयोग जगात काय होतोय ते बघ.

गाठीतलं जनुक बदललं की त्यापासून तयार होणारं प्रथिन बदलतं. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि ते तुकडे बाहेरच्या भिंतीवर एका ताटात मांडून ठेवते. त्या ताटाला एचएलए म्हणतात. पहारेकरी टी-पेशी येते, ताटात काय आहे बघते. रोजचंच असेल तर पुढं जाते. बदललेला तुकडा दिसला तर मारते. ही पेशी कोणत्या कुळातली, कोणाच्या पोटची, हे ती विचारत नाही. हातात काय आहे एवढंच बघते. (आपल्या गावकीला हे शिकवायला पाहिजे.) गोची अशी की कॅन्सर हा बाहेरचा शत्रू नाही, आपलीच पेशी आहे. म्हणून पहारेकरी पुष्कळदा फसतात, थकतात, झोपतात.

तर काही शास्त्रज्ञांनी विचार केला, एकेका माणसाच्या गाठीतले बदल वाचू, त्यातले कोणते तुकडे ताटात ठसठशीत दिसतील ते संगणकाने निवडू, आणि त्या तुकड्यांची लस करू. २०१४ साली अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने एका रुग्णाच्या गाठीतल्या एकाच बदलाला ओळखणाऱ्या टी-पेशी वाढवून परत दिल्या आणि गाठी आक्रसल्या. मग कोविडच्या काळात ज्या कंपन्यांची नावं ऐकलीस त्यांनी तेच एमआरएनएचं तंत्र इकडे वळवलं. मॉडर्नाच्या लसीत एका रुग्णाचे ३४ पर्यंत बदल बसतात. त्वचेच्या मेलेनोमा कॅन्सरच्या १५७ रुग्णांच्या चाचणीत, ऑपरेशननंतर नेहमीच्या इम्युनोथेरपीबरोबर ही लस दिली तेव्हा आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्याने उतरला. तीन वर्षांनंतरही तो फरक टिकला होता. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये, जो कसाईच आहे, बायोएनटेकची लस १६ जणांना दिली. निम्म्यांच्या, आठ जणांच्या, टी-पेशी जाग्या झाल्या. हा आकडा लहान आहे, त्यावर कोणी देव्हारे माजवू नयेत. पण दिशा दिसते.

ह्या उपचाराचं वर्णन करताना एक शब्द वापरतात: वैयक्तिक. तुझ्या एकट्याच्या गाठीसाठी, तुझ्या एकट्याचं औषध. हा शब्द वाचला तेव्हा मला हसू आलं. ज्या समाजाला हजारो वर्षं व्यक्ती म्हणून मोजलंच नाही, ज्याला गावात नावाने हाक मारायची नाही, जातीने मारायची, त्याच्या गालातली तीन अब्ज अक्षरं एकेक करून वाचायला विज्ञान तयार आहे. आणि वाचून झाल्यावर दरवाजावर कारकून विचारतो, "डिपॉझिट?"

जात इथं आणखी एका वाटेने घुसते, आणि ती वाट फार कमी लोक बोलून दाखवतात. ते एचएलएचं ताट माणसागणिक वेगळं असतं, आणि काही प्रकारची ताटं काही समाजांत जास्त आढळतात. कोणता तुकडा कोणत्या ताटात बसेल हे सांगणारे संगणक मुख्यतः गोऱ्या लोकांच्या नमुन्यांवर शिकलेले आहेत. आपल्याकडे तर जातीतल्या जातीत लग्नं लावून प्रत्येक जातीचं वेगळं डबकं केलेलं. कल्याणीच्याच संस्थेचा २०१६ चा शोधनिबंध सांगतो की साधारण सत्तर पिढ्यांपूर्वी, गुप्तकाळाच्या आसपास, वरच्या जातींनी बाहेरची मिसळण बंद केली. ते रक्तात दिसतं. मनूचा कायदा जनुकात मोजता येतो, साला! मग ज्यांचं रक्त नमुन्यातच नाही, त्यांच्यासाठी संगणक अंदाजाने बाण मारणार. म्हणून आपलं रक्त त्या पोथीत असायला पाहिजे असं माझं मत आहे.

इथं दुसऱ्या बाजूने प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. रक्त आपलं, शरीर आपलं, पण प्रयोगाचा उंदीरही आपणच का? ह्याला इतिहास आहे. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाने गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी केली. दीड लाख बायका. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी व्हिनेगर लावून तपासणी. उरलेल्या निम्म्या वस्त्यांत एकदा माहिती सांगितली, तपासणी नाही. निष्कर्ष उत्तम: तपासणी झालेल्या वस्त्यांत ह्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. पण न तपासलेल्या वस्त्यांतल्या बायकांचं काय? ह्यावर वैद्यकीय नीतीच्या मासिकांत मोठा वाद झाला. चाचणीवाल्यांचं उत्तर असं होतं की भारतात प्रचलित उपचार म्हणजे तपासणी नाहीच, मग आम्ही त्यांचं काही काढून घेतलं नाही. शास्त्राच्या भाषेत हे उत्तर टिकेलही. पण त्याचा अर्थ लाव. आपल्यासाठी 'प्रचलित' म्हणजे शून्य, आणि शून्याशी तुलना केली की काहीही दिलं तरी उपकार. हे शून्य कोणी प्रचलित केलं, हा प्रश्न कुठल्या मासिकात छापायचा?

तरी मी म्हणतो, चाचण्यांपासून पळायचं नाही. अटी घालायच्या. आपल्या गालातल्या गाठीवरून जे औषध निघेल ते आपल्या तालुक्यात येईपर्यंत तुमचा निबंध पुरा झाला असं आम्ही मानणार नाही.

स्वस्त करता येतच नाही, विज्ञान महागच असतं, असं जो सांगेल त्याला टाटाचंच दुसरं काम दाखव. निवोलुमॅब नावाचं औषध आहे. ते झोपलेल्या टी-पेशींच्या तोंडावरची पट्टी काढतं. हे एकट्याचं औषध नाही, सगळ्यांना तेच, पण कूळ इम्युनोथेरपीचंच. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. टाटाचे विजय पाटील, कुमार प्रभाष, वनिता नोरोन्हा ह्या डॉक्टरांनी विचारलं, एवढं लागतंच कशाला? डोक्यामानेच्या पुढं गेलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. अर्ध्यांना तोंडाने घ्यायच्या साध्या, स्वस्त गोळ्या. उरलेल्यांना त्याच गोळ्या आणि निवोलुमॅब, पण फक्त २० मिलिग्रॅम, तेही तीन आठवड्यांनी. एका वर्षानंतर पहिल्या गटात शंभरातले १६ जिवंत होते, दुसऱ्यात ४३. दहाव्या हिश्शाहून कमी औषध! हा प्रश्न कंपनीने कधी विचारला नसता, कारण कमी औषध विकलं जाईल असा प्रयोग करणारी कंपनी अजून जन्माला यायची आहे. तो प्रश्न सरकारी पगारावरच्या डॉक्टरांनी विचारला, कारण त्यांच्या बाकावर समोर मशेरीवाली मावशी बसली होती. माझ्या लेखी ही चाचणी त्या कार-टीपेक्षाही मोठी आहे.

कायदाही आपल्याकडे आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कचेरीतून आदेश निघाला आणि बायर कंपनीचं यकृत-मूत्रपिंडाच्या कॅन्सरचं औषध बनवायची सक्तीची परवानगी नॅटको ह्या भारतीय कंपनीला मिळाली. महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८ हजार ८०० वर आला. आपली काही मंडळी अजून हेच उदाहरण धरून बसतात. पण दोस्ता, ती गोळी होती. गोळीची नक्कल करता येते. ज्याची प्रत्येक मात्रा एकाच माणसासाठी बनते त्याची नक्कल कशाची करणार? इथं पेटंटाचा कागद फाडून भागत नाही. इथं प्रयोगशाळा लागते, जनुक वाचायचं यंत्र लागतं, धूळ नसलेली खोली लागते, शिकलेली माणसं लागतात. म्हणजे मागणी बदलायला पाहिजे. "औषध स्वस्त करा" हे अपुरं आहे. "ते बनवायची खोली सरकारी दवाखान्यात बांधा" ही मागणी आहे.

आणि महाराष्ट्रात काय नाही? गालाच्या गाठीची पोथी खारघरला वाचून झाली. पेशीला डोळा लावायचं कसब पवई आणि खारघरला आहे. एमआरएनए पुण्यात बनतं. जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये तातडीची परवानगी मिळाली, देशातली ती पहिली, आणि तिच्या मागेही बायोटेक्नॉलॉजी खात्याचा पैसा होता. तिन्ही गावं एका दिवसात एसटीने फिरून येशील एवढ्या अंतरावर. पण तिघांना एका खोलीत बसवून गालाच्या कॅन्सरची लस करा असं सांगणारं कोणी नाही. मेलेनोमा गोऱ्या कातडीचा कॅन्सर, म्हणून त्याची लस आधी झाली. मशेरीच्या कॅन्सरला गिऱ्हाईक नाही.

त्या थांबवणाऱ्या दोस्ताला एक गोष्ट मी सोडून देतो, कारण ती खरीच आहे. मावशीला लस वाचवणार नव्हती, बॅटरी वाचवणार होती. केरळात तंबाखू-दारूवाल्यांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासून मृत्यू एकतृतीयांशाने कमी झाल्याचं २००५ सालीच छापून आलंय. आशाताईच्या हातात बॅटरी, आणि चट्टा दिसला की त्याच आठवड्यात तुकडा काढून तपासणी. ह्याला चाळीस लाख लागत नाहीत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि पेणच्या स्टँडपासून अलिबागच्या जेटीपर्यंत कुठंही पुडी माग, मिळते. बॅटरी आणि पेशी, दोन्ही मागायच्या. एक मागितली की दुसरी सोडावी लागते हे गणित आपलं नाही.

म्हणून काही पोरं मिळून माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकतोय. दहा रुपयांचं काम आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्याला तेही माफ. बायोटेक्नॉलॉजी खात्याला विचारायचंय: त्या १९ कोटी १५ लाखांच्या बदल्यात किमतीबद्दल कंपनीशी काही करार केला होता का, असेल तर त्याची प्रत द्या. राज्याच्या आरोग्य खात्याला: जन आरोग्य योजनेतून आजवर रायगडच्या किती रुग्णांना कोणतीही इम्युनोथेरपी मिळाली, तालुकावार सांगा. मागच्या वर्षी मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन आणि तळा ह्या तालुक्यांत किती जणांची तोंडं तपासली, त्यातल्या किती जणांचा तुकडा काढला, आणि चट्टा दिसल्यापासून तुकडा काढेपर्यंत सरासरी किती दिवस गेले. ज्याला ह्या प्रश्नांत भर घालायची असेल त्याने रविवारी यावं. आशाताईंपैकी कोणी ओळखीची असेल तर तिला घेऊन यावं, कारण बॅटरी मिळाली की नाही हे खात्यापेक्षा तिला जास्त माहीत असतं.